मिशनच्या शाळेचं दार कुणासाठी उघडलं?



एप्रिल-मे आला की बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब लवकर आटपतो आणि विषय निघतो पोरांच्या शाळेचा. आमच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात मिशनच्या जुन्या शाळा आहेत. चर्चच्या आवारात किंवा चर्चला लागून भरणाऱ्या. त्यांच्याबद्दल बाया हमखास तीन गोष्टी विचारतात. आपल्या पोराला तिथं घेतात का? तिथं धर्म शिकवतात का? आणि शिकवणं खरंच चांगलं आहे की नुसतं नाव मोठं आहे?

हे प्रश्न आजचे नाहीत. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीही आईबापांनी हेच विचारलं होतं. त्यांना काय उत्तरं मिळाली ते कळलं, तर आपण कुठे बघायचं आणि काय विचारायचं हेही कळतं. म्हणून आज या शाळांचा इतिहास सांगते.

अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांचं मुख्य काम धर्मप्रचाराचं. पण बायबल वाचायला आधी वाचता यायला हवं, म्हणून त्यांनी शाळा काढल्या. 1824 मध्ये त्यांनी मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केली. त्या काळी मुलगी शिकली तर घरावर संकट येतं असं मानणारे लोक होते. त्यामुळे मुली मिळवणं हेच मोठं काम होतं. 1827 च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची एक अविवाहित अमेरिकन शिक्षिका या मुलींच्या शाळांसाठी मुंबईत आली. 1839 मध्ये ती नगरला गेली आणि 1862 मध्ये वारली तीही नगरलाच. चौतीस वर्षं तिनं मराठी मुलींच्या शाळा सांभाळल्या.

या फरारबाईंच्या नगरच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या होत्या. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. नगरच्या मुलींची शाळा पाहून आपल्याला पुण्यात तशी शाळा काढावीशी वाटली, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. 1848 मध्ये पुण्यात भिडेवाड्यात त्यांची मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनीही नगरला फरारबाईंकडे आणि पुण्यात मिशेलबाईंकडे शिक्षिकेचे धडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांमध्ये सांगितलं जातं. म्हणजे 3 जानेवारीला आपण ज्यांच्या फोटोला हार घालतो, त्या सावित्रीबाईंच्या वाटेवर नगरची एक मिशन शाळा आहे.

आता पहिला प्रश्न घेऊ. शाळेत कुणाला घेत होते?

मिशनचं म्हणणं होतं की शाळा सगळ्यांना खुली आहे. सरकारी शाळांचं तेव्हा तसं नव्हतं. 1856 मध्ये धारवाडला एका महार मुलानं सरकारी शाळेत नाव घालायला अर्ज केला. त्याला घेतलं नाही. त्यानं मुंबई सरकारकडे दाद मागितली, तरी सरकारनं दार उघडलं नाही. एका महाराला घेतलं तर बाकीची सगळी मुलं शाळा सोडतील, अशी भीती सरकारला होती. प्रकरण वरपर्यंत गेलं. त्यानंतर 1858 मध्ये सरकारनं जाहीर केलं की पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत. ज्या शाळांना सरकार थोडी मदत देतं, त्यांनी जातीवरून मूल नाकारलं तर मदत काढून घेण्याचा हक्कही सरकारनं स्वतःकडे ठेवला. हे कागदावर झालं. गावात मात्र पुढेही कित्येक वर्षं ही मुलं ओसरीवर किंवा वर्गाबाहेर बसली.

अशा वेळी गावोगावच्या मिशन शाळा या समाजासाठी मोठा आधार ठरल्या. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत मिशनची शाळा महारवाड्यातच भरायची. मास्तर बहुधा त्याच समाजातला, ख्रिस्ती झालेला, आणि तोच उपदेशकही. म्हणून तिथल्या मुलांना शाळेत शिरताना कुणी अडवत नव्हतं. पण शाळा महारवाड्यात असल्यामुळे वरच्या जातीचे लोक आपली पोरं तिकडे धाडत नव्हते. दार सगळ्यांना उघडं होतं, तरी एकाच वर्गात सगळे बसले असं फार ठिकाणी झालं नाही. म्हणून शाळेच्या फलकावर ‘सर्वांना प्रवेश’ लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर भागत नाही. आत कोण बसलंय ते पाहावं लागतं.

दुसरा प्रश्न धर्माचा. हा लपवण्याचा विषय नाही. त्या काळच्या मिशन शाळांत बायबल शिकवलं जायचं आणि मिशनचे लोक ते उघड सांगायचे. आईबापांना भीतीही वाटायची. 1839 मध्ये मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतली पारशी मुलं ख्रिस्ती झाली तेव्हा मोठी खळबळ उडाली, कोर्टकज्जे झाले आणि पालकांनी भराभर पोरं काढून घेतली. उलट बाजूही आहे. पुष्कळ मुलं बायबलचा तास बसून ऐकायची, लिहा-वाचायला शिकायची आणि आपल्याच धर्मात राहायची. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत.

मिशनमध्येही यावर वाद होता. शाळा कशासाठी, शिकवण्यासाठी की धर्मांतरासाठी? 1854-55 मध्ये अमेरिकेहून मिशनच्या मुख्य कार्यालयाचे रूफस अँडरसन पाहणीला आले. शाळांवरचा, विशेषतः इंग्रजी शिक्षणावरचा खर्च कमी करावा, मराठीतून शिकवावं आणि गावोगावच्या प्रचारावर भर द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढची काही वर्षं तेच धोरण चाललं. हे मला महत्त्वाचं वाटतं. शाळेत काय शिकवायचं हे त्या वर्षी गावातल्या आईबापांनी ठरवलं नाही, पैसे पाठवणाऱ्यांनी ठरवलं. कुठल्याही शाळेबद्दल, मग ती चर्चची असो, संस्थेची असो की पुढाऱ्याची, पैसा कुणाचा आणि हेतू काय, हे आधी विचारावं.

तिसरा प्रश्न, शिकवणं कसं होतं?

1854 च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळू लागलं. मुंबई इलाख्यात त्यापुढच्या दशकात असा नियम आला की इन्स्पेक्टर येणार, मुलांची परीक्षा घेणार आणि जितकी मुलं पास होतील त्या हिशेबानं शाळेला पैसे. यातून एक चांगलं झालं. हजेरी नीट लिहिली जाऊ लागली आणि नुसत्या पटावर पैसे मिळेनासे झाले. पण मास्तर परीक्षेत येईल तेवढंच घोकून घेऊ लागले आणि कच्चं मूल मागे राहिलं. आजही काही शाळा निकालाच्या टक्क्यांचा फलक लावतात. तो वाचताना हे लक्षात असू द्या.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यांची मागणी होती की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करावं. चांगल्या शाळेचं त्यांचं गमक होतं मास्तर. मास्तर शेतकऱ्यांच्या मुलांत मिसळणारा हवा, त्यांच्या गरजा जाणणारा हवा आणि त्याला पोटापुरता पगार हवा. प्राथमिक मास्तराला निदान बारा रुपये द्या, असं त्यांनी सांगितलं. वरच्या इयत्तांच्या मिशन शाळांबद्दलही ते स्पष्ट बोलले. काही शाळा चांगल्या चालतात, पण सरकारी शाळांइतकी मुलं त्यांच्याकडे जात नाहीत, कारण तिकडच्या शिक्षकांना पगार जास्त आहे. मिशनच्या शाळेतच शिकलेल्या माणसानं हे सांगितलं. उपकार मानले आणि दोषही दाखवला.

शिक्षणाचा दर्जा कशात असतो याचं मला पटणारं उदाहरण 1855 चं आहे. फुल्यांच्या शाळेत जेमतेम तीन वर्षं शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. आम्हाला वेद वाचायची बंदी, तर मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न तिनं त्यात विचारला. तो निबंध छापला कुणी? नगरला 1842 मध्ये सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकानं. तीन वर्षांत एक पोर स्वतःच्या शब्दांत आपल्या माणसांचं दुःख मांडू शकली. त्या शाळेला दुसरं कुठलं प्रमाणपत्र लागतं?

आता आजचं बघू. स्वातंत्र्यानंतर या शाळांचं घटनेतलं स्थान ठरलं. कलम 30 प्रमाणे अल्पसंख्याक समाजाला आपल्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. त्याचबरोबर पालकांच्या बाजूचीही दोन कलमं आहेत आणि ती प्रत्येक आईला माहीत हवीत. कलम 29 सांगतं की सरकारी मदत घेणारी शाळा केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून मूल नाकारू शकत नाही. आपल्या समाजाच्या मुलांसाठी काही जागा अल्पसंख्याक शाळा ठेवू शकते, पण बाकीच्यांना दार पूर्ण बंद करू शकत नाही. कलम 28 सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत मुलाला धार्मिक शिक्षणाच्या तासाला किंवा प्रार्थनेला पालकांच्या संमतीशिवाय बसवता येत नाही.

आणखी एक गोष्ट, जिच्यावरून दरवर्षी गोंधळ होतो. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्यात खासगी शाळांनी 25 टक्के जागा गरीब आणि वंचित घरच्या मुलांना द्यायच्या आहेत. पण 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. म्हणून ऑनलाइन अर्ज भरताना चर्चची शाळा यादीत दिसत नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन तो प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं म्हटलं आहे. पण तो बदलत नाही तोवर जुनाच निकाल चालणार.

इथेच मला बोचतं. ज्यांच्या पणज्यांना दुसरीकडे कुणी उभं करत नव्हतं, त्यांच्यासाठी यातल्या कितीतरी शाळा निघाल्या. आज त्यातली एखादी विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची झाली असेल, तर त्याच घरांतल्या पोरांना जातीनं नाही, पण फीनं अडवलं जातं. हे सगळीकडे असंच आहे असं मी म्हणत नाही. अनुदानावर, मराठीतून, गरिबांच्या पोरांना मन लावून शिकवणाऱ्या मिशन शाळाही आहेत. म्हणून सरसकट चांगलं किंवा वाईट म्हणू नका. चार जणी मिळून जा आणि विचारा.

काय विचारायचं?

शाळा अनुदानित आहे का? यू-डायस क्रमांक काय? तो सरकारी पोर्टलवर घातला की पट, शिक्षक, खोल्या आणि संडास यांची माहिती दिसते. ती शाळेत जाऊन ताडून बघा.

पहिलीत किती मुलं आली आणि त्यातली किती चौथीपर्यंत टिकली? मधेच नाव कमी झालेल्यांत मुली किती?

एका शिक्षकामागे मुलं किती? प्राथमिकसाठी कायद्यातलं माप तीसला एक असं आहे. अल्पसंख्याक शाळेला ते बंधन नसलं तरी मोजायला आपल्याला ते उपयोगी पडतं.

वर्षाची फी एकूण किती? पुस्तकं, गणवेश, गाडी, सहल सगळं धरून लेखी मागा. डोनेशन म्हणून कुणी पैसे मागितले तर ते बेकायदा आहे. महाराष्ट्रात 1987 पासून तसा कायदा आहे.

प्रार्थना आणि धर्माच्या तासाबद्दल शाळेची पद्धत काय? संमती कशी घेतात?

शेवटचं काम शाळेबाहेर करायचं. त्या शाळेत तिसरीत शिकणारं शेजारचं पोर जवळ बसवा. त्यानं कधी न पाहिलेल्या पुस्तकातला एक उतारा त्याला वाचायला द्या आणि काय वाचलंस ते तुझ्या शब्दांत सांग म्हणा. मग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरालाही तेच करायला सांगा. पुष्कळदा गावातली आपली शाळाच पुढे निघते. तसं झालं तर फीचे पैसे वाचतील आणि पोराची पायपीटही.

एक विनंती. गावात जुनी मिशन शाळा असेल तर मुख्याध्यापकांना जुनं जनरल रजिस्टर दाखवायची विनंती करा. त्यात आपल्या आजीचं, चुलत आजीचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचं कारण सापडू शकतं. एखादीच्या नावापुढे ‘लग्न झाले’ असंही असेल. अशी नावं सापडली तर वहीत उतरवून घ्या आणि पुढच्या मासिक बैठकीत वाचून दाखवा. आपल्या बायकांच्या शिक्षणाचा इतिहास असाच लिहावा लागणार आहे, दुसरं कुणी येऊन तो लिहून देणार नाही.