डोकेदुखीच्या पुडीचा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, त्या दिवशी नेमके माझे डोके दुखत होते. म्हटले, त्यावरच लिहावे. अर्धशिशीबद्दल नव्हे, कपाळाभोवती फडके आवळून बांधल्यासारखी जी मंद, जड डोकेदुखी आपणां बहुतेक भगिनींच्या ओळखीची आहे, तिच्याबद्दल.

माझ्या सासूबाई अशा वेळी सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावीत आणि दार लोटून घटकाभर पडत. गुण सुंठेचा की त्या विश्रांतीचा, कोण जाणे! मलमाचीही तीच गोष्ट. काशीनाथुनी नागेश्वरराव यांनी १८९३ साली आपल्या मुंबईतच ‘अमृतांजन’ काढले. ते चोळायलाही चार मिनिटे बसावे लागते. गोळीने मात्र तेवढीही सवड ठेवली नाही.

या गोळीचा इतिहास उद्बोधक आहे. विलो झाडाच्या सालीने ताप उतरतो, असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली रॉयल सोसायटीला कळविले. त्या सालीतील द्रव्याशी नाते सांगणारे ॲस्पिरिन १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीत तयार झाले. त्याच सुमारास फेनासेटिन हे दुसरे वेदनाशामकही प्रचारात आले होते. पुढे ॲस्पिरिन, फेनासेटिन आणि कॅफिन एकत्र करून ‘ए.पी.सी.’ गोळ्या व पुड्या निघाल्या.

ऑस्ट्रेलियात याच मिश्रणाची ‘बेक्स’ नावाची पुडी घराघरांत पोहोचली. जाहिरातींचा रोख गृहिणींवर असे. चहाबरोबर पुडी घेऊन जरा आडवे व्हावे, हा तिथे वाक्प्रचारच होऊन बसला. कॅफिनने तरतरी येई. अंमल उतरला की डोके पुन्हा दुखू लागे, की पुन्हा पुडी! अशी वर्षे गेली. १९५३ साली स्वित्झर्लंडमधील स्प्यूलर व झोलिंगर या डॉक्टरांना दिसले, की वर्षानुवर्षे अशी औषधे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होत आहेत. ऑस्ट्रेलियात हे प्रकरण धसास लावले ते मेलबर्नच्या डॉ. प्रिसिला किंकेड-स्मिथ या बाईंनी. रोग्यांत स्त्रियाच अधिक होत्या. अखेर १९७९ साली तिथे अशा मिश्र पुड्यांच्या खुल्या विक्रीला आळा बसला आणि १९८३ साली भारतात फेनासेटिनवर बंदी आली.

फेनासेटिन गेले, सवय मात्र गेली नाही. मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत मीही डबीतली गोळी काढून कामाला लागत असे. आमच्या डॉक्टरीणबाईंनी महिनाभर कॅलेंडरवर खुणा करायला लावल्या. भरल्या एकोणीस! “आता गोळीच तुमचे डोके दुखवते आहे,” त्या म्हणाल्या. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस, किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, अशा तीन महिन्यांहून अधिक घेत राहिल्यास असे होऊ शकते. त्यांच्या देखरेखीखाली गोळी थांबविली. पहिले दहा दिवस फार जड गेले. मग दुखणे विरळ झाले. तेव्हा खरी कारणे दिसू लागली: सर्वांची पाने आटोपून तीन वाजता जेवणे, बदललेला चष्म्याचा नंबर, मान वाकवून तासन्‌तास शिवण आणि अपुरी झोप.

एक मात्र विसरू नये. एकाएकी असह्य डोके दुखले, ताप येऊन मान ताठरली, दृष्टी अंधुक झाली, बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले किंवा पन्नाशीनंतर नवीच डोकेदुखी सुरू झाली, तर घरगुती उपाय करीत बसू नये. तडक डॉक्टरांकडे जावे.

ऑस्ट्रेलियातल्या त्या भगिनींना हवी होती विश्रांती, आणि हाती आली पुडी. म्हणून माझी विनंती एवढीच, की साधे डोके दुखले तर डबी उघडण्यापूर्वी आठवून पाहावे: आज आपण केव्हा जेवलो, पाणी किती प्यालो आणि घटकाभर टेकलो तरी का? कॅलेंडरवर दुधाचा हिशेब आपण मांडतोच. त्याच चौकोनात गोळीचीही एक खूण करावी.