मदतीला आलेली फौज परत कधी जाते?

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा विषय नाही, पण इतिहासाचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्याकडे येतो. अशाच एका तासाला नववीतल्या एका मुलाने विचारले, “सर, गाझात रोज एवढी माणसं मरतायत. जगात एवढे मोठे देश आहेत, कोणी फौज पाठवून हे थांबवत का नाही?” मागच्या बाकावरून लगेच दुसरा म्हणाला, “बाकीच्यांचं जाऊ दे, मुस्लिम देश तरी का जात नाहीत?”

माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. “राजकारण असतं बाळांनो” असे म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी आल्यावर त्याचीच लाज वाटली. मुलांनी मोबाईलवर जे पाहिले होते, त्यानंतर हा प्रश्न पडणे स्वाभाविक होते. दूरच्या भांडणात बाहेरच्या ताकदवान सत्तेने उतरावे का, हा प्रश्न आपण नेहमी टीव्हीवरच्या नकाशाकडे बघून विचारतो. मला वाटले, या प्रश्नाचा एक पूर्ण दाखला आपल्या पुण्यातच घडून गेला आहे, तोच मुलांना सांगावा. पुढच्या तासाला जे सांगितले, ते इथे थोडे विस्ताराने लिहितो.

नाना फडणवीस मार्च 1800 मध्ये वारले. त्यानंतर पुण्याच्या दरबारात कोणाचा धरबंद कोणाला राहिला नाही. गादीवर दुसरे बाजीराव, त्यांच्यावर दौलतराव शिंद्यांचा दाब, आणि शिंदे-होळकरांचे जुने वैर. होळकरांच्या घरातला लहान वारस खंडेराव शिंद्यांच्या कैदेत होता. एप्रिल 1801 मध्ये यशवंतराव होळकरांचे भाऊ विठोजी पकडले गेले. बाजीरावांनी त्यांना शनिवारवाड्यासमोर हत्तीच्या पायी दिले. यशवंतराव फौज घेऊन पुण्यावर आले आणि 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत, हडपसरच्या बाजूला लढाई झाली. पेशवे आणि शिंदे यांच्या फौजेचा पराभव झाला. बाजीराव आधी सिंहगडाकडे, मग कोकणात आणि तिथून समुद्रमार्गे वसईला गेले.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे प्रत्येक लढाई हिंदू-मुसलमान या चौकटीत बसवायची सवय लागली आहे. हे भांडण पुण्याच्या एकाच राज्यातल्या माणसांचे होते. यशवंतरावांचा जवळचा साथीदार अमीर खान नावाचा पठाण होता, तोच पुढे टोंकचा नवाब झाला. दोन्ही बाजूंना सगळ्या जातीधर्मांचे शिपाई होते, आणि कवायती पलटणी शिकवायला युरोपियन अधिकारीही होते.

वसईला 31 डिसेंबर 1802 रोजी बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला. मागणी साधी होती: मला माझ्या गादीवर परत बसवा. इंग्रजांच्या अटीही स्पष्ट होत्या. निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलुखात कायम राहील. तिच्या खर्चासाठी वर्षाला 26 लाख रुपये वसुलीचा मुलूख पेशव्यांनी तोडून द्यायचा. इंग्रजांशी वैर असलेल्या कोणत्याही युरोपियनाला चाकरीत ठेवायचे नाही. निजाम आणि गायकवाड यांच्याशी काही तंटा असेल तर निवाडा इंग्रज करतील. कोणाशीही लढाई किंवा तह करायचा तर आधी कंपनीला विचारायचे.

‘कायम’ हा शब्द मुलांनी फळ्यावर लिहावा म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो.

इकडे पुण्याचे हाल काय होते, तेही बघायला हवे. नाहीतर आपण बाजीरावांना नावे ठेवून मोकळे होतो आणि लोक विसरतो. होळकरांच्या माणसांनी शहरातल्या सावकारांकडून आणि पैसेवाल्यांकडून सक्तीने पैसा काढला. आजूबाजूचा मुलूख फौजांनी तुडवला, उभी पिके गेली. त्यातच पाऊस गेला आणि 1803-04 साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. अशा शहरात 20 एप्रिल 1803 रोजी आर्थर वेलस्ली आपले घोडदळ घेऊन शिरला. होळकर त्याआधीच निघून गेले होते. वेलस्ली येण्यापूर्वी शहर जाळले जाणार अशी अफवा होती, म्हणून तो रात्रंदिवस कूच करत आला. त्या दिवशी पेठेतल्या एखाद्या कासाराला किंवा विणकराला विचारले असते, “हा परका आला ते बरे झाले का?” तर तो बहुधा “हो” म्हणाला असता. मी त्याला दोष देणार नाही. घर जळण्याच्या भीतीत असलेला माणूस विझवायला आलेल्याची जात विचारत नाही.

13 मे 1803 रोजी बाजीराव पुण्यात परतले. तहाचे काम झाले होते. फौज मात्र गेली नाही.

त्याच वर्षी शिंदे आणि नागपूरचे भोसले इंग्रजांशी लढायला उभे राहिले. अहमदनगर, असई, अडगाव अशा लढाया झाल्या आणि दोघांनाही डिसेंबरमध्ये तह करावे लागले. उत्तरेत सप्टेंबर 1803 मध्ये दिल्लीही इंग्रजांच्या हाती गेली. म्हणजे एकाच वर्षात पुण्याचा पेशवा आणि दिल्लीचा बादशहा शाहआलम, दोघेही एकाच कंपनीच्या ‘संरक्षणाखाली’ आले.

पुढची चौदा वर्षे पुण्याचा कारभार मुळा-मुठेच्या संगमावरच्या रेसिडेन्सीकडे बघून चालला. शेवटी बाजीरावांनी स्वतःच या संरक्षकांविरुद्ध लढाई पुकारली. त्या वेळी इंग्रजांची पलटण गारपिरावर होती, म्हणजे आजच्या जिल्हाधिकारी कचेरीच्या परिसरात. तिथून ती खडकीला हलवली गेली. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकीची लढाई झाली, रेसिडेन्सी जळाली, पण पेशवाईही संपली. 17 नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. बाजीरावांना वर्षाला आठ लाखांची नेमणूक देऊन कानपूरजवळ बिठूरला पाठवण्यात आले. ज्यांना गादीवर बसवायला फौज आली होती, त्यांनाच त्या फौजेने गादीवरून उठवले. आज आपण कॅम्प किंवा लष्कर म्हणतो तो भाग, आणि खडकीची छावणी, ही त्याच मुक्कामाची वाढलेली रूपे आहेत.

बाजीरावांना हे कळायला हवे होते, कारण त्यांच्या घरातच हे आधी घडले होते. त्यांचे वडील रघुनाथराव यांनी मार्च 1775 मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी असाच तह केला. तेव्हा बाजीराव जेमतेम दोन महिन्यांचे होते. रघुनाथरावांना पेशवेपद हवे होते, इंग्रजांना साष्टी आणि वसई. पुण्याच्या कारभाऱ्यांनी भांडण मिटवून एकजूट दाखवली, महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर एकत्र लढले, आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजी फौजेला शरण यावे लागले. 1782 मध्ये सालबाईचा तह झाला. रघुनाथरावांना पेशवेपद मिळाले नाही, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. शिंदे-होळकर एकत्र होते तेव्हा तीच कंपनी तळेगावपुढे येऊ शकली नाही. ते एकमेकांचे गळे धरून बसले तेव्हा तिला शहराच्या वेशीवर कोणी अडवलेही नाही.

आता दुसरी बाजू. पुणे नेहमी दुबळ्याच्या जागी नव्हते. एप्रिल 1752 मध्ये दिल्लीच्या वजिराने, सफदरजंगाने, मराठ्यांशी करार केला. मराठ्यांनी बादशहाचे अब्दालीपासून आणि घरच्या बंडखोरांपासून रक्षण करायचे, बदल्यात 50 लाख रुपये आणि काही प्रांतांचे हक्क घ्यायचे. दिल्ली-दुआबातल्या शेतकऱ्याच्या नजरेने पाहिले तर पुण्याची फौज ही दूरवरून आलेली, पैसे घेऊन रक्षण करणारी फौजच होती. त्याच काळात शाह वलीउल्लाह यांनी अहमदशाह अब्दालीला पत्र लिहून बोलावले. हे पत्र आपल्या तोंडावर अनेकदा फेकले जाते, आणि आपण एकतर गप्प बसतो नाहीतर सारवासारव करतो. मला दोन्ही पटत नाही. शाहसाहेब मोठे आलिम होते, पण हा त्यांचा हिशोब चुकला असे मी मानतो. अब्दालीने 1757 मध्ये दिल्ली लुटली तेव्हा घराघरातला कलमा विचारून लुटली नव्हती. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार इब्राहिमखान गारदी होता. अब्दालीच्या बाजूचे लोक त्याला ‘आपला’ समजत होते, तरी तो भाऊसाहेबांना सोडून गेला नाही, आणि कैद झाल्यावर मारला गेला. अब्दाली परत गेला. तीन वर्षांनी बक्सर झाले आणि 1765 मध्ये बंगालची दिवाणी कंपनीला मिळाली. पानिपताचा फायदा ना वलीउल्लाहांच्या दिल्लीला झाला, ना पुण्याला.

एवढे ऐकून पहिल्या मुलाने बरोबर जागी बोट ठेवले. “म्हणजे सर, कोणीच जायचं नाही? मरू द्यायचं?”

असे मी म्हणू शकत नाही. जुलै 1995 मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष आणि मुले मारली गेली. ते गाव संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केले होते आणि डच शिपाई तिथे हजर होते. न उतरणे हाही एक निर्णय असतो आणि त्याचीही किंमत कोणीतरी देतोच. आपल्याच देशाने 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानात फौज पाठवली. सुमारे एक कोटी निर्वासित सीमेच्या अलीकडे आले होते, त्यामुळे ते ‘दूरचे भांडण’ उरले नव्हते. मार्च 1972 पर्यंत आपली फौज परतली, म्हणून त्या मोहिमेकडे मी आदराने बघतो. 1987 मध्ये श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेची सूत्रे इथल्याच, पुण्याच्या, सदर्न कमांडकडे होती. करार होता, बोलावणे होते, हेतूही वाईट नव्हता. पण ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेलो, त्यांच्यातल्याच बंडखोरांशी लढाई जुंपली, आणि 1990 मध्ये परत येईपर्यंत आपले सुमारे बाराशे जवान गेले होते.

म्हणून मी मुलांना तीन प्रश्न दिले. बोलावणे कोणाचे आहे, खुर्ची गेलेल्याचे की घर जळणाऱ्याचे? खर्च कोण देतो आणि कशाच्या रूपाने? आणि परत जायचे केव्हा, हे कोण ठरवणार? वसईचा तह तिन्ही प्रश्नांत नापास होतो. बोलावणे एका माणसाचे, खर्च 26 लाखांचा मुलूख, आणि परतीची तारीखच नाही.

चौथा प्रश्न मी घरी येताना स्वतःला विचारला. बाहेरची ताकद खरेच बाहेर आहे का? इंग्रज 1802 मध्ये अचानक आले नव्हते, 1786 पासून त्यांचा रेसिडेंट पुण्यात होता. गाझावर पडणारे बॉम्बही मोठ्या प्रमाणात दूरच्या देशांतून आलेले आहेत. तिथे हस्तक्षेप कधीचाच झाला आहे, तो एका बाजूने चालू आहे. म्हणून फौज पाठवा म्हणण्याआधी, जो माल जातोय तो थांबवा, अन्न आणि औषधांची वाट मोकळी करा, ही मागणी मला जास्त न्याय्य वाटते. आणि मुस्लिम देशांबद्दल मागच्या बाकावरच्या मुलाला इतकेच सांगतो की फौजेचा धर्म विचारून तिची नियत कळत नाही. तिलाही हेच तीन प्रश्न विचारावे लागतील.

माझ्या उत्तराने त्या मुलाचे समाधान झाले नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्याला आजच्या आज काहीतरी थांबायला हवे होते, आणि मी त्याला दोनशे वर्षांपूर्वीचा तह सांगत होतो. तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला आणि म्हणाला, “सर, होळकरांनी आणि बाजीरावांनी आधीच बोलून घेतलं असतं तर?” मी म्हणालो, हडपसरच्या लढाईनंतरही यशवंतरावांनी बाजीरावांना परत या म्हणून निरोप पाठवले होते. ते आले नाहीत, कारण विठोजीच्या भावावर विश्वास ठेवायला त्यांच्याकडे तोंड उरले नव्हते.

तो थोडा वेळ उभा राहिला आणि मग वही घेऊन गेला.