वन्स मोअर : शब्द इंग्रजी, मागणी मराठी



गेल्या आठवड्यात इथे दुखानला एका मित्राच्या घरी नाट्यगीतांची बैठक झाली. दोह्याहून ऐंशी-एक किलोमीटर गाडी हाकत लोक आले. एका पदाला आम्ही सवयीनं 'वन्स मोअर!' ओरडलो, तर यजमानांच्या ऑफिसमधला ब्रिटिश पाहुणा चकित. म्हणाला, "हे कुठून आणलंत? आम्ही तर 'आँकोर' म्हणतो!"

घ्या! आम्ही समजत होतो, त्यांच्याकडूनच घेतलंय.

गंमत पुढेच आहे. 'आँकोर' म्हणजे 'पुन्हा', शब्द फ्रेंच. लंडनच्या 'स्पेक्टेटर'मध्ये 1712 साली या आरोळीचा उल्लेख आहे. पण खुद्द फ्रेंच माणूस ओरडतो 'बिस', म्हणजे लॅटिनमधलं 'दोनदा'. थोडक्यात, कौतुक करायला ज्याला त्याला परकी भाषा लागते! तमिळ मंडळीही थिएटरात 'वन्स मोअर'च म्हणतात.

आपल्याकडे ही आरोळी खरी रुजली ती संगीत नाटकात. 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्यात पदंच 200च्या आसपास! मग भाऊराव कोल्हटकर आले, पुढे बालगंधर्व. आवडलेलं पद पुन्हा, कधी तिसऱ्यांदा. रात्री सुरू झालेलं नाटक पहाट करून सोडायचं.

नुसत्या टाळ्या आणि हे, यात मला मोठा फरक वाटतो. टाळी म्हणजे पावती. वन्समोअर ही मागणी आहे. तिकीट एकदाच काढलंय, गाणं दोनदा हवंय! गळा कुणाचा, वेळ किती झाली, याची प्रेक्षकाला फिकीर नाही. आणि नाटकाचं काय? 1919 साली आलेल्या 'एकच प्याला'तली सिंधू दारिद्र्यात जात्यावर बसून गाते. तिला वन्समोअर द्यायचा, म्हणजे त्या बिचारीला पुन्हा दळायला लावायचं! संसार उद्ध्वस्त होतोय आणि आपण तानेवर खूश. (मीही ओरडलो असतो म्हणा.)

हे दुखणं सगळीकडचंच. व्हिएन्नात 1786 साली मोझार्टच्या 'फिगारो'ला इतके आँकोर आले, की सम्राट दुसऱ्या जोसेफनं हुकूम काढला : एकापेक्षा जास्त गायकांचं गाणं पुन्हा गायचं नाही. आमच्या कंपनीमालकांची असं काही करण्याची काय बिशाद! पब्लिक उठून गेलं तर कंपनी जेवणार काय?

आता 'वन्समोअर घेणं' हे क्रियापदच झालंय. गद्य नाटकात एखाद्या वाक्यालाही तो मिळतो. शब्द तिकडचा, पण त्याला 'घेणं' जोडून आपण तो घरचा करून टाकला.

त्या रात्री आमच्या गायकानं दोन वन्समोअर दिले. तिसऱ्याला पेटी मिटली आणि म्हणाला, "अहो, सकाळी शिफ्ट आहे मला."