लवचिक वेळ आणि कामाची उत्पादकता

मस्टरवरील सही ही अनेक वर्षे शिस्तीची खूण मानली गेली. दहाच्या ठोक्याला खुर्चीवर बसलेला कर्मचारी कार्यक्षम आणि सव्वादहाला धापा टाकत पोहोचलेला कामचुकार, असा हिशेब त्यामागे असे. लवचिक वेळेची पद्धत अर्थात फ्लेक्झी टाइम या हिशेबालाच छेद देते.

या पद्धतीत कामाचे एकूण तास कमी होत नाहीत. समजा, सकाळी ११ ते दुपारी ४ ही सामायिक वेळ ठरली, तर तेवढा काळ सर्वांनी कार्यालयात असणे बंधनकारक असते. उरलेले तास त्याआधी भरायचे की नंतर, हे ज्याचे त्याने ठरवायचे. काही ठिकाणी एका दिवशी कमी पडलेले तास महिनाअखेरपर्यंत भरून काढण्याचीही मुभा असते.

या पद्धतीचा उगम पश्चिम जर्मनीतील. तेथे कामगारांची टंचाई असताना, घर सांभाळणाऱ्या स्त्रियांनाही नोकरी करता यावी, या विचारातून व्यवस्थापन सल्लागार क्रिस्टेल केमेरर यांनी ही कल्पना मांडली. म्युनिकजवळील ऑटोब्रुन येथील बोल्को या विमाननिर्मिती कंपनीने १९६७ मध्ये ती अमलात आणली. ठरावीक वेळी रस्त्यांवर होणारी कोंडी टाळणे, हा तिथला तातडीचा हेतू होता.

उत्पादकतेवर याचा परिणाम काय होतो? बोरिस बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासून १९९९ मध्ये उत्तर दिले. लवचिक वेळेमुळे उत्पादकता आणि कामातील समाधान वाढते. सर्वाधिक फरक पडतो तो गैरहजेरीत. मुलाच्या शाळेतील तासाभराच्या कामासाठी अख्खी रजा टाकावी लागत नाही, हे त्याचे साधे कारण म्हणता येईल.

मात्र याच अभ्यासाने काही मर्यादाही दाखवल्या. काळ लोटतो तसा हा लाभ ओसरत जातो. मोकळीक अतिरेकी असली, तर परिणाम उलट कमी दिसतो. कारण सहकारी एकमेकांना भेटेनासे झाले की कामे अडतात. व्यवस्थापक आणि व्यावसायिक तज्ज्ञांना फारसा फायदा होत नाही. त्यांना आपली वेळ ठरवण्याचे स्वातंत्र्य बहुधा आधीपासूनच असते. अर्थात, खरी गरज आहे ती ज्याला हे स्वातंत्र्य नाही त्या कारकुनाला.

मुंबईत हा प्रश्न लोकलच्या गर्दीशी जोडलेला आहे. मध्य रेल्वेने नोव्हेंबर २०२३ पासून मुंबईतील आपल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांसाठी दोन वेगवेगळ्या वेळा सुरू केल्या. गर्दी विभागण्यासाठी हा उपाय योग्यच. पण वेळ बदलून देणे आणि वेळ निवडू देणे यांत फरक आहे. पहिल्याने प्रवास सुसह्य होईल, दुसऱ्याने घर आणि नोकरी यांचा मेळ कर्मचाऱ्याला स्वतः घालता येईल.

त्यासाठी कार्यालयांनी काही पथ्ये पाळायला हवीत. बैठका सामायिक वेळेतच घ्याव्यात. आठला येऊन पाचला निघणाऱ्याला सायंकाळी फोन करून थांबवू नये. उशिरापर्यंत दिसणाऱ्यालाच बढती देण्याची सवय सोडावी. अन्यथा सवलत कागदावर राहते आणि ती घेणारा, त्यातही घर सांभाळणारी स्त्री, मागे पडते.