अध्यापक पदवी आणि वर्गानुभव : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

शिक्षकाची विद्यापीठीय पदवी दोन ठिकाणी मिळवावी लागते. एक ठिकाण व्याख्यानकक्षाचे, दुसरे शाळेतील वर्गाचे. पहिल्यावर विद्यापीठाचा अधिकार चालतो; दुसरे मात्र त्याला शाळेकडून मागून घ्यावे लागते. अध्यापक शिक्षणाच्या चर्चेत अभ्यासक्रमाचा कालावधी आणि पाठांची संख्या यांवर भर दिला जातो. शाळेच्या स्थानाचा विचार त्या मानाने कमी होतो. प्रस्तुत लेखात १८५४ पासूनच्या प्रमुख शैक्षणिक धोरणांच्या आधारे भारतातील माध्यमिक अध्यापक पदवीत शाळेला कोणते स्थान मिळत गेले, याचा मागोवा घेतला आहे.

वसाहतकालीन पाया

१८५४ च्या वुडच्या खलित्याने विद्यापीठे आणि शिक्षक प्रशिक्षण या दोहोंची शिफारस केली. परंतु दोहोंचे मार्ग भिन्न होते. प्रशिक्षणासाठी खलित्यापुढे इंग्लंडमधील नमुना होता : होतकरू विद्यार्थ्याला वेतन देऊन शाळेतच शिक्षकाच्या हाताखाली तयार करावे आणि पुढे नॉर्मल स्कूलमध्ये पाठवावे. याउलट १८५७ मध्ये स्थापन झालेली मुंबई, मद्रास आणि कलकत्ता ही विद्यापीठे प्रारंभी प्रामुख्याने परीक्षा घेणाऱ्या संस्था होत्या. पुढे माध्यमिक शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठाच्या कक्षेत आले, तेव्हा ते परीक्षेच्या चौकटीत बसवणे ओघानेच आले. मद्रास विद्यापीठाने १८८६ मध्ये ‘एल.टी.’ ही अर्हता सुरू केली. त्याआधी १८८२ च्या हंटर आयोगाने अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष अध्यापन या दोहोंची परीक्षा घ्यावी आणि माध्यमिक शाळेतील कायम नियुक्तीसाठी ती उत्तीर्ण होण्याची अट असावी, असे सुचवले होते.

या संदर्भात लॉर्ड कर्झनच्या काळातील ११ मार्च १९०४ चा शिक्षणविषयक ठराव विशेष महत्त्वाचा ठरतो. पदवीधरांसाठी एक वर्षाचे प्रशिक्षण पुरेसे मानून त्याची परिणती विद्यापीठाच्या पदवीत वा पदविकेत व्हावी, असे त्यात नमूद आहे. त्याचबरोबर प्रत्येक प्रशिक्षण महाविद्यालयाला सरावशाळा जोडलेली असावी आणि तत्त्व व व्यवहार यांची सांगड घातली जावी, असाही आग्रह आहे. या धोरणाच्या पार्श्वभूमीवर १९०६ मध्ये मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. ठरावातील या दोन अंगांपैकी एक वर्षाची मुदत शतकाहून अधिक काळ टिकली. सरावशाळेचे तत्त्व मात्र महाविद्यालयांची संख्या वाढत गेली तसे मागे पडले.

स्वातंत्र्योत्तर प्रयत्न

मुदलियार आयोगाने (१९५२-५३) पदवीधरांसाठी तूर्त एक वर्षाचा आणि कालांतराने दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुचवला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) प्रश्नाच्या मुळाला हात घातला. अध्यापक शिक्षण विद्यापीठाच्या ज्ञानजीवनापासून, शाळांपासून आणि परस्परांपासून तुटलेले आहे, असे निदान त्याने केले. त्यावर निवडक शाळांना ‘सहयोगी शाळा’ म्हणून मान्यता द्यावी, त्यांना साधनसामग्रीसाठी विशेष अनुदान द्यावे आणि शाळा व महाविद्यालय यांच्यात शिक्षकांची अदलाबदल व्हावी, असा उपाय सुचवला. शाळेला भागीदार करण्याचा हा सर्वांत स्पष्ट आराखडा होता.

याच दशकात १९६३ मध्ये अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन झाली. त्यांच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात विषयज्ञान, शिक्षणशास्त्र आणि छात्रसेवाकाल यांचा एकत्र विचार होता. तथापि, सर्वसाधारण महाविद्यालयांत एक वर्षाचा बी.एड. हाच प्रधान मार्ग राहिला.

एका वर्षाच्या मर्यादेत सराव पाठांना नेटके रूप आले. पाठ टाचण, हर्बार्टप्रणीत पायऱ्या, फलकलेखन आणि पाठ निरीक्षण हा क्रम रूढ झाला. सत्तरच्या दशकात सूक्ष्म अध्यापनाची त्यात भर पडली. या पद्धतीने अध्यापन कौशल्यांना शिस्त दिली, हे नाकारता येणार नाही. पण सुटा पाठ म्हणजे वर्ग नव्हे. मागे राहिलेला विद्यार्थी, वर्षभराचे नियोजन, पालकांशी संवाद, उत्तरपत्रिकांतील चुकांचा अर्थ या गोष्टी पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत हाती लागत नाहीत.

नियमनाचा काळ

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९७३ पासून सल्लागार संस्था होती. १९९३ च्या कायद्याने तिला वैधानिक अधिकार मिळाले. महाराष्ट्रातील खासगी अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. प्रत्येक सेवापूर्व प्रशिक्षण संस्थेला प्रयोगशाळेसारखी स्वतंत्र शाळा जोडलेली असावी, असे या आयोगाने २०१२ मध्ये सुचवले. १९०४ च्या ठरावातील तत्त्व एकशे आठ वर्षांनी पुन्हा शिफारस म्हणूनच मांडावे लागले, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

२०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि शाळेतील कार्यासाठी पहिल्या वर्षी चार व दुसऱ्या वर्षी सोळा असे वीस आठवडे निश्चित केले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान अर्हता ठरवली. त्यानुसार २०२३-२४ मध्ये ५७ संस्थांत एकात्मिक अभ्यासक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून असे दिसते की, धोरणांनी वर्गानुभवाचा काळ वाढवला. परंतु शाळेचा दर्जा त्या प्रमाणात वाढवला नाही. सुट्या पाठांच्या व्यवस्थेत प्राध्यापक पाठाला उपस्थित राहून मार्गदर्शन करू शकत असे. सोळा आठवड्यांच्या आंतरवासितेत ते रोज शक्य नाही. छात्राध्यापक खऱ्या अर्थाने घडतो तो तेथील शालेय शिक्षकाच्या सहवासात. त्या शिक्षकाच्या कार्यभारात या कामाची नोंद नसेल आणि मूल्यमापनात त्याच्या मताला वजन नसेल, तर वाढवलेले आठवडे केवळ उपस्थितीचे ठरतील. त्याची झळ छात्राध्यापकाबरोबरच त्याच्यासमोर बसलेल्या विद्यार्थ्यांनाही लागेल. म्हणूनच आंतरवासितेचे आठवडे मोजण्यापूर्वी ‘सहयोगी शाळे’च्या मूळ कल्पनेकडे अध्यापक महाविद्यालयांनी परत वळणे अगत्याचे आहे.