नोंदवही आणि मासिक

शाळेत धनुर्वात-घटसर्पाची लस टोचायला येणाऱ्या नर्सबाई आपल्या ओळखीच्या असतात. वसई तालुक्यातल्या नायगावसारख्या ठिकाणी, जिथे मिठागरांच्या शेजारी बघता बघता उंच इमारती उभ्या राहिल्या, तिथे गर्भवतींची नोंद आणि बाळांचे लसीकरण यांसाठी दारोदार फिरणाऱ्याही त्याच. त्यांचे पद ‘सहाय्यक परिचारिका प्रसाविका’, बोलण्यात एएनएम. रुग्णालयातली जनरल नर्स वेगळी, एएनएम वेगळी. ही उतरंड कायद्याने ठरवली, हे खरे. पण त्या कायद्यांमागे मासिकेही होती.

इंग्लंडचे उदाहरण पाहा. एथेल बेडफर्ड फेनविक या बाईंनी आपल्या नियतकालिकातून सुमारे तीन दशके एकच मागणी लावून धरली : प्रशिक्षित परिचारिकांची सरकारी नोंदणी व्हावी. हेच नियतकालिक पुढे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ नर्सिंग’ म्हणून ओळखले गेले. 1919 मध्ये कायदा झाला आणि नोंदणीपुस्तकात पहिले नाव लागले ते संपादिकाबाईंचेच! पण नोंदणी म्हणजे कुंपण, आणि कुंपणाला बाहेरची बाजूही असते. कमी शिक्षण घेऊन वॉर्डात राबणाऱ्या सहाय्यक परिचारिकांना कायदेशीर यादीत जागा मिळायला 1943 उजाडले, आणि तीही वेगळ्या, खालच्या यादीत. अमेरिकेत ‘प्रॅक्टिकल नर्स’ नावाचा असाच वर्ग होता. त्यांच्या शिक्षणासाठी 1941 मध्ये राष्ट्रीय संस्था निघाली आणि 1950 च्या दशकात त्यांचे स्वतःचे नियतकालिकही सुरू झाले.

आपल्याकडे 1905 मध्ये लखनौला रुग्णालयांच्या परिचारिका-अधीक्षिकांची संघटना स्थापन झाली. 1908 मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची अखिल भारतीय संघटना आली आणि 1910 पासून ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ निघू लागले. एका पेशाचे मासिक शतकाहून अधिक काळ टिकावे, ही साधी गोष्ट नाही. मुंबई प्रांताचा नोंदणी कायदा 1935 चा, म्हणजे मासिकानंतर पंचवीस वर्षांनी आला. आधी वाचकवर्ग तयार झाला, मग पेशाला कायद्याची मान्यता मिळाली. मात्र हे मासिक इंग्रजीत होते.

1946 च्या भोर समितीच्या अहवालात साऱ्या देशात मिळून सुमारे सात हजार परिचारिका असल्याचे नमूद आहे. 43,000 माणसांमागे एक! एवढी तूट जनरल नर्सच्या लांब प्रशिक्षणाने लवकर भरून निघणे शक्य नव्हते. म्हणून 1950 च्या दशकात दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम आला. त्याला सुरुवातीला मॅट्रिकची अट नव्हती. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करण्याची शिफारस केली. काम वाढले. आणि 1977 मध्ये प्रशिक्षण मात्र दोन वर्षांवरून दीड वर्षावर आले! हा हिशोब मला आजही कळत नाही. (पुढे ते पुन्हा दोन वर्षांचे झाले.)

मराठीत शिकून खेड्यात गेलेल्या या बाईच्या हाती इंग्रजी मासिक पडले, तरी ते कितपत उपयोगी पडणार? तिच्या वाट्याला आली ती नोंदवही. आरोग्य खात्यात सर्वांत जास्त लिहिते कोण, असे विचारले तर डॉक्टरांचे नाव घेऊ नका. पाच हजार लोकवस्तीच्या उपकेंद्रात (आदिवासी व डोंगराळ भागात तीन हजार) जननक्षम जोडपी, गर्भवती, बाळंतपणे, लसी, औषधसाठा यांचे रकाने भरते ती एएनएम. तिच्या आकड्यांवर राज्याचे अहवाल उभे राहतात. शिक्षकांना हे निराळे सांगायला नको. हजेरीपट वेगळा आणि तुमच्या हातातले हे मासिक वेगळे.

एक उदाहरण देतो. बीसीजीच्या कुपीत भुकटी असते. त्यात द्रावण मिसळले की चार तासांत लस वापरावी लागते, उरलेली फेकावी लागते, कारण त्यात जंतुनाशक परिरक्षक नसतो. लसीकरणाच्या दिवशी एकच बाळ आले, तर अनेक डोसांची कुपी फोडायची का? नियम म्हणतो, फोडा. पण वाया गेलेले डोस नोंदवहीत दिसतात आणि बैठकीत त्यांचा जाब विचारला जाऊ शकतो. म्हणून बाळाला ‘पुढच्या बुधवारी आणा’ असे सांगण्याचा मोह होतो. पुढच्या बुधवारी ते कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलेले असू शकते. अशा वेळी कोणी आदल्या दिवशी घरोघर निरोप देऊन बाळे एकत्र आणते, कोणी दोन पाड्यांसाठी एकच दिवस ठरवते. हे हिशोबाने, प्रयोगाने मिळवलेले ज्ञान आहे. ते छापायला अर्धे पान पुरे. पालघरच्या एएनएमने लिहावे आणि गडचिरोलीच्या एएनएमने ते वाचून ‘आमच्याकडे हे चालणार नाही, कारण पावसाळ्यात वाट बंद असते’ असे उत्तर पाठवावे. नोंदवहीत त्यासाठी फक्त ‘शेरा’ हा रकाना असतो, दीड इंच रुंदीचा.