पेठेतला गलका आणि गडावरची शांतता

आमच्या पेठेत संध्याकाळी पुस्तक उघडावं, तर शेजारचा कर्णा आधीच सुरू झालेला असतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "हे टिळकांनीच ना सुरू केलं?"

टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाचा हिरिरीने पुरस्कार केला, हे खरं. वाजंत्री तेव्हाही वाजत. पण ध्वनिक्षेपक नव्हता. मेळ्यातलं पद काय, नि व्याख्यान काय, माणसाच्या गळ्याची धाव तीच त्याची मर्यादा! आणि हेच टिळक उन्हाळ्यात सिंहगडावरच्या आपल्या बंगल्यात जाऊन राहत. 'गीतारहस्य' तर त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहून काढलं. तिथला एकांत सक्तीचा होता, पण त्यांनी तो कामी लावला.

भारत सरकारच्या २००० सालच्या नियमांनी राहत्या वस्तीत आवाजाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. म्हणजे माणसाच्या गळ्याने जी मर्यादा आपोआप पाळली, ती आता कायद्याला सांगावी लागते.

ज्याचा गडावर बंगला नाही, त्याने शांतता शोधायची कुठे? लोकमान्यांचा उत्सव आपण उचलला; त्यांची एकांताची ओढही ओळखायला नको का?